ओट्याखालचा जोड

त्या रविवारी बाबा ओट्याखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरले होते आणि मी फरशीवर बसून बॅटरी धरली होती. बाहेर दिसत होते ते त्यांचे पाय. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. आई खुर्चीवर बसून मटार सोलत होती, आणि बोलत होती ती त्या मोज्याशीच.

"नवे जोड कपाटात पडून कुजतायत. पण नाही. हेच घालायचे."

"कामाच्या दिवशी नवे मोजे कोण घालतं?" कपाटातून आवाज आला.

"कामाचा दिवस नसला की झोपेचा असतो. मग नव्यांनी काय करायचं, आशेवर राहायचं?"

"साहेब, उजेड जरा डावीकडे. भिंतीवर नको, जोडावर. भिंत मी पाहिलेली आहे."

साहेब म्हणजे मी. हातात बॅटरी, पाना किंवा स्क्रू ठेवायची ताटली असली की लहानपणापासून मी साहेब असे. काम संपलं, हात धुतले, की पुन्हा साधी मुलगी.

काम निघालं होतं दादामुळे. आईच्या बोटांचे सांधे सुजतात, गार पाण्यात जास्तच. दादाने दूरवरच्या त्याच्या शहरातून परस्पर भांडी घासायचं मशीन पाठवून दिलं. ते आलं, फ्रिजच्या शेजारी उभं राहिलं, आणि तसंच राहिलं. आईने त्याच्यावर टेबलक्लॉथ टाकला आणि त्याचं नाव पाहुणा ठेवलं. "पाहुणा अजून उभाच आहे," ती फोनवर दादाला सांगायची. "बसा म्हणायची सोय नाही आमच्याकडे."

सोय नव्हती ती पाण्याची. आमच्या स्वयंपाकघरात सांडपाण्याला भिंतीत एकच तोंड. तिथे सिंकचा पाइप शिरत होता. कपड्यांचं मशीनही तिथेच, ओट्याच्या टोकाला. त्याची नळी आम्ही वर्षानुवर्षं सिंकच्या काठावर आकड्याने अडकवत आलो होतो. मशीन पाणी सोडायला लागलं की नळी सापासारखी उसळायची, म्हणून बाबांनी ती सुतळीने बांधली होती. दोन सुतळ्यांनी. आता तिसऱ्याचं पाणी कुठे सोडायचं? मशीन घेऊन आलेल्या माणसाने वाकून पाहिलं आणि सांगितलं की फरश्या काढून भिंतीत नवीन वाट करावी लागेल.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "भिंत फोडायला मी काय चोर आहे? तिघांचं पाणी एका वाटेने जाऊ शकतं. घरातली माणसं एकाच दाराने जातात ना?"

"एकदम नाही जात," आई म्हणाली. "एकदम निघाली की दारात अडकतात."

बाबांनी सगळी नोकरी विमा कचेरीत काढली. तिथे माणसाला जी सवय लागते ती त्यांना घरभर लागली होती. दाराला दोन कुलपं. उशाशी दोन गजराची घड्याळं, न जाणो एकाने दगा दिला तर. प्रवासाला निघताना दोन छत्र्या, एक पिशवीत आणि एक हातात. "लग्न तेवढं एकदाच केलंत," आई म्हणायची, आणि बाबा गंभीरपणे सांगायचे, "विचार केला होता. हप्ता परवडला नसता."

तेव्हा त्या रविवारी त्यांनी जे केलं त्याचं मला नवल वाटलं नाही. सिंकखालचा पाइप एकदा खाली जातो आणि वळून परत वर येतो. त्या वळणात थोडं पाणी कायम अडून राहतं, आणि गटाराचा वास त्या पाण्याला ओलांडून घरात येत नाही. त्याला ट्रॅप म्हणतात. आमच्या सिंकला तो होताच. बाबांनी त्याच्या पुढे एक तिहेरी जोड बसवला, दोन्ही मशीनच्या नळ्या त्यात आणून सोडल्या. नळ्या आधी ओट्याच्या अगदी खालच्या बाजूपर्यंत उंच नेऊन बांधल्या होत्या, म्हणजे सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये जाणार नाही. आणि मग, भिंतीत शिरण्याच्या आधी, आणखी एक ट्रॅप.

"पहिला आहे की," मी म्हटलं.

"असू दे. तो चुकला तर हा आहे."

"ट्रॅप चुकतो?"

"साहेब, चुकत नाही असं जगात काय आहे?"

शेवटच्या जोडाला त्यांनी चिकटवायचं सोल्यूशन लावलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि मनात आकडे मोजत राहिले. घरभर त्याचा उग्र वास सुटला. आईने खिडकी उघडली. मग ते सरपटत बाहेर आले, कोपरावर रेलून बसले, केसांत भुसा आणि जळमट. म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत पाणी नाही. सुकू दे नीट. उद्या ये कामावरून थेट. पाणी सोडू. तू वर, मी खाली."

आमची पद्धत अशी होती. एकाने वर नळाशी उभं राहायचं, एकाने खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून जोडाकडे बघत पडायचं. थेंब गळला की डोळ्याला दिसो न दिसो, कागदाला दिसतो. खालचा म्हणतो सोड, वरचा सोडतो. खालचा म्हणतो बंद, वरचा बंद करतो. मी कायम वरची.

त्या रात्रीची भांडी आम्ही न्हाणीघरात घासली. आई स्टुलावर बसून घासत होती, मी मगाने विसळत होते, बाबा दारात उभे राहून पुसत होते आणि प्रत्येक ताटली उजेडाला धरून काहीतरी राहिलंय म्हणून परत देत होते. आई म्हणाली, "यांनाच टेबलक्लॉथ घालून फ्रिजशेजारी उभं करा." बाबांनी हातातलं फडकं खरोखरच डोक्यावर घेतलं आणि उभे राहिले. आई हसली नाही. मान खाली घालून कढई घासत राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

माझ्या खोलीवर परतायला मी शेवटच्या बसच्या आधीची बस धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ब्रेड आणायला खाली गेले आणि परत येताना जिन्याच्या वळणावर बसले. समोरच्या काकू त्यांच्या बाजूने उतरून गेल्या. त्यांना वाटलं, बुटाची नाडी बांधतायत. काकू दूध घेऊन परत आल्या तेव्हाही ते तसेच बसलेले होते.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. चहा करायला कोणीतरी पुढे झालं, कप वापरले गेले, साचले. मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा आई सिंकसमोर उभी होती. तिने नळ सोडला होता. मी तिच्या मागे उभी राहिले. पाणी जायला लागलं, मग थांबलं. सिंक हळूहळू भरत आलं. खालून एक मोठा बुडबुडा वर आला, फुटला, आणि पाणी बोटभर उतरून पुन्हा थांबलं. आईने नळ बंद केला.

"अडलंय," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी मिळून कप न्हाणीघरात नेले.

दादा आणि वहिनी आले आणि बरेच दिवस राहिले. मी त्याच्याबद्दल वाईट बोलू शकत नाही. त्याने सगळं निभावलं. बँका, कागद, पेन्शन. मी नुसती त्याच्या मागून फिरत होते आणि दाखवलं तिथे सही करत होते. जाण्याच्या आदल्या दुपारी तो आईसमोर बसला आणि म्हणाला, "तुला इथे एकटीला ठेवून मला तिकडे झोप लागणार नाही."

"मला इथे झोप लागते," आई म्हणाली.

"आई."

"तुम्ही ठरवाल तसं."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं?"

"आईला बरं वाटेल ते," मी म्हटलं.

आणि ते ठरलं. महिनाअखेरीला तो आईला न्यायला येणार होता. घर त्याच्या ओळखीच्या एका कुटुंबाला भाड्याने द्यायचं. त्यांची फार काही मागणी नव्हती. स्वयंपाकघर तेवढं चालतं हवं.

मला काय हवं होतं ते मला नीट माहीत होतं. आईने जाऊ नये. मी माझी भाड्याची खोली सोडून इथे राहायला यावं. कामाला इथून दोन बस लागतील, लागू देत. हे मी खोलीत भांडं विसळताना, ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं फडताळात लावताना, बसच्या काचेला डोकं टेकवून इतक्या वेळा मनात बोलले होते की वाक्यं गुळगुळीत झाली होती. तोंडातून मात्र एकदाही बाहेर पडली नव्हती.

आमच्या घरात मी न मागणारी. पाहुण्यांसमोर बाबा अभिमानाने सांगत, "हिचं काही मागणंच नसतं. असं मूल नशिबाने मिळतं." दादा खेळण्यासाठी रस्त्यात लोळण घेई आणि मी त्याची चप्पल हातात धरून शेजारी उभी राही. पुढे माझं लग्न मोडलं तेव्हाही मी सामान घेऊन सरळ भाड्याच्या खोलीत गेले, पडदे लावले, आणि मग घरी कळवलं. आईने फोनवर विचारलं होतं, "इकडे येतेस का?" मी म्हटलं, "कशाला? मला जमतंय." तिने पुन्हा विचारलं नाही. समजूतदार मुलीला कोणी दोनदा विचारत नाही.

आणि जमत होतंच. खोली एका माणसाला पुरेल एवढी आहे. पुस्तकं भिंतीला टेकून छातीपर्यंत आली आहेत. मी वाचते, खूप वाचते. माणसांनी एकटेपणावर काय काय लिहून ठेवलंय हे मला विचाराल तर मी कपाट आणि फडताळ सांगू शकेन. पण रविवारी मी तिथे नसायचे. रविवारी काहीतरी बिघडलेलं असायचं आणि बाबांचा फोन यायचा, साहेब, पाना धरायला माणूस हवाय. आईशी मी बोलायचे तेसुद्धा अशा कामाच्या आडूनच. ती बाबांना टोमणा मारायची, बाबा मला सामील करून घ्यायचे, मी हसायचे. बाबा गेल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की आम्हा दोघींना एकमेकींशी थेट बोलायची सवयच नाही. रविवारी मी जायचे, आई विचारायची, "जेवलीस?" मी म्हणायचे, "हो." मग भिंतीवरचं घड्याळ बोलायचं.

एका शनिवारी दुपारी दादाचा फोन आला. मी पुस्तकांवर शिक्के मारत होते.

"अगं, प्लंबर जाऊन आला ना?"

"कधी?"

"मी इथून फोन करून पाठवला होता. तो म्हणतो, घरातल्या बाई म्हणाल्या काम झालंय. केलं कोणी? तू केलंस?"

मी शिक्का पॅडवर ठेवला. "मी बघते," म्हटलं.

ग्रंथालय सुटल्यावर मी थेट घरी गेले. सिंकवर एक मोठी परात पालथी घातलेली होती. आई न्हाणीघरात स्टुलावर बसून एक कप, एक बशी, एक चमचा घासत होती. एका माणसाच्या भांड्यांना किती कमी आवाज होतो.

"प्लंबर आला होता?"

"आला होता."

"मग?"

"त्याचे बूट चिखलाने भरलेले होते."

"आई, बाहेर पाऊस नाही काही नाही."

"मग शेणाने असतील. मी काय वास घेतला?" तिने चमचा विसळला. "काम झालंय म्हटलं. खोटं आहे का? त्यांच्या मते झालंच होतं."

"न्हाणीघरात किती दिवस भांडी घासणार आहेस?"

"महिनाअखेरपर्यंत," ती म्हणाली. "मग तिकडे वहिनीचं मशीन आहे."

मी परात उचलली, सिंकला बूच लावलं आणि नळ सोडून सिंक काठोकाठ भरलं. बूच ओढलं. पाणी दोन बोटं उतरलं आणि थबकलं. बुडबुडा. पुन्हा दोन बोटं. पुन्हा थबकलं. कचरा अडकला असता तर पाणी सरळ हळूहळू गेलं असतं. हे तसं नव्हतं. हे प्रत्येक वेळी वर काहीतरी परत पाठवून मगच खाली जात होतं. ओट्यावर पाण्याची बाटली होती. मी ती सिंकमध्ये उलटी केली, आणि ती अगदी तशीच ओतली जायला लागली: गचके खात, थांबत, प्रत्येक थांब्याला एक बुडबुडा.

मी खाली बसले, कपाट उघडलं आणि बॅटरी लावली. पहिला ट्रॅप, त्यात पाणी. दुसरा ट्रॅप, त्यात पाणी. मधल्या तुकड्यात हवा, आणि तिला जायला ना पुढे वाट, ना मागे. वरून पाणी आलं की ती कोंडलेली हवा त्याला अडवत होती आणि शेवटी त्याच्यातूनच वर फुटत होती. कुठेच काही बिघडलं नव्हतं. दोन्ही ट्रॅप उत्तम होते. फक्त ते दोन होते.

विमा कचेरीतली सवय. मला हसू आलं, आणि हसू आलेलं ऐकायला कोणी नाही हेही त्याच क्षणी जाणवलं.

"एक काढावा लागेल," मी आईला सांगितलं. "सगळ्यांना मिळून एकच पुरतो."

आई कपाटासमोर येऊन उभी राहिली. वाकली नाही. "त्यांनी केलेलं मोडू नकोस."

"त्यांचा ठेवते. तो भिंतीजवळ आहे, तिघांनाही पुरेल. वरचा जुना काढते, आणि तिथे सरळ पाइप."

"जुनासुद्धा त्यांनीच बसवला होता."

"मग काय करू?"

तिने परात पुसून भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "तो काढ. तो बसवला तेव्हा भांडले होते माझ्याशी."

सरळ पाइपचा तुकडा आणायला मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार बाबांना ओळखत होता. तसा मलाही, त्यांच्या मागे उभी राहणारी म्हणून. मी बाबांच्या डब्यातला त्याच मापाचा एक जुना नट पुढे केला. त्याने तो बोटांत फिरवला.

"आज साहेबांनाच पाठवलं वाटतं?"

बाबा इथेही मला साहेब म्हणत होते हे मला माहीत नव्हतं. त्याला सांगायला हवं होतं. शब्द साधे होते, आणि गेल्या काही आठवड्यांत मी ते टेलिफोनवर, बँकेत, टपाल कचेरीत बोलले होते. पण त्या दुकानात, खिळ्यांच्या बरण्यांसमोर, बाबा अजून घरी ओट्याखाली पडून पाइपची वाट बघत होते. जगात तेवढी एकच जागा उरली होती.

"हो," मी म्हटलं.

"वॉशर दोन देतो. एकाने भागत नाही त्यांचं. बोलणी बसतात मग मला."

मी दोन्ही वॉशर घेतले.

जुना ट्रॅप हाताने फिरत नव्हता. मी त्याभोवती फडकं गुंडाळलं, पाना लावला आणि कपाटाच्या चौकटीला पाय देऊन जोर केला. आई बॅटरी धरून बसली होती. सुजलेल्या बोटांनी ती बॅटरी पुन्हा पुन्हा सावरत होती म्हणून उजेड जोडावरून भिंतीवर, भिंतीवरून माझ्या तोंडावर जात होता.

"डोळ्यांत नको, आई."

"मग डोळे मधे कशाला आणतेस?"

"डोळ्यांशिवाय कसं करू?"

"ते करायचे. सगळं चाचपून करायचे. चष्मा ओट्यावर विसरलेला असायचा."

नट सुटला. ट्रॅपमधलं काळं पाणी बादलीत पडलं, त्यामागून चहाच्या पत्तीचा आणि साबणाचा लगदा. वास आला तशी आईने नाकाला हात लावला, पण बॅटरी सोडली नाही. मी तोंडात वॉशर धरला होता, बाबा धरायचे तसा, आणि रबराची चव जिभेवर येताच पाठ अशी दुखायला लागली की मी थोडा वेळ तशीच पडून राहिले. कपाटाच्या आतल्या लाकडाला अजून सोल्यूशनचा वास होता. इथे पडलं की घर वेगळं ऐकू येतं. फ्रिजची घरघर फरशीतून कानात येते. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढतं. बाबा आयुष्यभर असे पडून आम्हाला ऐकत असणार.

"झोपलीस का?" आईने विचारलं.

"नाही."

सरळ तुकडा बसला. वरचा नट आवळला, मग खालचा, मग पुन्हा वरचा. मी वर्तमानपत्र मागितलं. आईने दिलं. ते पसरून मी त्यावर तोंड करून पडले आणि तेव्हा ध्यानात आलं की नळाशी कोणी नाही. इतकी वर्षं मी वर असायचे. एकट्याने ही परीक्षा करता येत नाही. नळ सोडून खाली पोचेपर्यंत पहिला थेंब पडून गेलेला असतो.

"आई, नळाशी उभी राहतेस?"

बॅटरी फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. तिचे पाय माझ्या गुडघ्यांच्या पलीकडून आले आणि सिंकसमोर थांबले. घरातल्या सपाता, सुजलेले घोटे.

"सोड," मी म्हटलं.

"किती?"

"आधी थोडं."

पाणी आलं. कागद कोरडा होता.

"आता पूर्ण."

पाणी आलं आणि डोक्यावरून, माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून, सलग वाहत भिंतीत गेलं. बुडबुडा नाही, गचका नाही. मी आईला सिंक भरायला सांगितलं, मग बूच ओढायला सांगितलं. पाइपातून एकाच दमात ओढून घेतल्यासारखा आवाज गेला आणि वर सिंकच्या तळाशी शेवटचं पाणी गरगरलं. आई म्हणाली, "गेलं की." ती थोडी फसवली गेल्यासारखी बोलली.

मग मी कपड्यांचं मशीन पाणी सोडण्यावर लावायला सांगितलं आणि त्याच वेळी नळही सुरू ठेवायला. दोन्हींचं पाणी जोडाशी आलं, तिथे जरा खळखळलं, आणि मिळून पुढे गेलं. कागदावरच्या एका ओळीचीही शाई फुटली नाही. बाबांचा चिकटवलेला जोड दगडासारखा घट्ट होता.

मशीन थांबलं. आईने नळ बंद केला. एकदम शांत झालं.

"चांगलं झालं," आई म्हणाली. तिचे पाय जागचे हलले नाहीत. "आता दादाला कळव. आता काही अडलेलं नाही. त्या माणसांना यायचं असेल तर येऊ देत."

मी कोरड्या कागदावर गाल टेकून पडले होते. गेले कित्येक दिवस परात पालथी होती तोवर घर द्यायच्या लायकीचं नव्हतं. आईने प्लंबरला दारातून परत पाठवलं होतं. आणि मी, न मागणारी, समजूतदार, खाली शिरून शेवटचं अडलेलं काम माझ्या हाताने सोडवून दिलं होतं. आता दादाला फोन करायचा तेवढा उरला होता. कळवते, असं म्हणायचं, बाहेर यायचं, हात धुवायचे, शेवटची बस धरायची.

"ऐकलंस का?" आईने विचारलं. "कळवशील ना?"

"नाही," मी म्हटलं.

तिचे पाय वळले. ती वाकत होती. तिला वाकायला वेळ लागतो, एक हात ओट्यावर, एक गुडघ्यावर. तिचा चेहरा दिसायच्या आत बोलायला हवं होतं. चेहरा दिसला की मी पुन्हा समजूतदार होते.

"आई, दादाकडे जाऊ नकोस. मला त्या खोलीवर एकटीला जमत नाही. कधीच जमलं नाही. मला इथे राहायचंय, तुझ्याजवळ."